मिडनाइट ऑइल : गाणं आणि सही

आमचा क्लायंट सिडनीचा आहे. त्यामुळे पुण्यात आमचं हापिस सकाळी साडेसहालाच सुरू होतं, हातात चहा आणि कानात हेडफोन. त्यांच्या दर महिन्याच्या मोठ्या मीटिंगची सुरुवात ठरलेली असते. स्लाइड्स उघडायच्या आधी तिकडचा मॅनेजर अर्धा मिनिट थांबतो आणि सांगतो, की आपण ज्या जमिनीवर बसून हे बोलतोय ती गॅडिगल लोकांची आहे आणि त्यांच्या पूर्वजांना आम्ही वंदन करतो. मग लगेच पुढची स्लाइड. डिफेक्ट किती उघडे, किती बंद.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आपल्याकडे कार्यक्रमाआधी दीपप्रज्वलन असतं ना, त्यातलाच प्रकार. तिकडच्या टीममध्ये रिटायरमेंटला आलेले एक गृहस्थ आहेत, त्यांना एकदा न राहवून विचारलं, की जमीन त्यांची आहे असं म्हणता, तर परत का नाही देत? ते हसले आणि म्हणाले, हा प्रश्न आमच्याकडे एका रॉक बँडने विचारून झालाय. मिडनाइट ऑइल ऐक, मग बोलू.

त्या विकांताला ऐकायला बसलो तो अजून ऐकतोच आहे. तुम्हाला रॉक आवडत नसेल, भीमसेन आणि बाबूजींच्या पलीकडे कान जात नसेल, तरी हरकत नाही. ही गोष्ट गाण्यांपेक्षा गाणाऱ्या माणसाची जास्त आहे.

तर सुरुवात १९७० च्या दशकातल्या सिडनीत. रॉब हर्स्ट (ड्रम्स), जिम मोगिनी (गिटार आणि कीबोर्ड) आणि अँड्र्यू जेम्स (बास) या पोरांचा 'फार्म' नावाचा एक बँड होता. गायक हवा म्हणून त्यांनी पेपरात जाहिरात दिली आणि पीटर गॅरेट नावाचा कायद्याचा विद्यार्थी आला. सहा फुटांच्या वर उंची. पुढे डोक्याचा पूर्ण गोटा. आणि स्टेजवर नाचतो कसा, तर उघड्या वायरला हात लागल्यासारखा. व्हिडिओ बघाच, वर्णन करून जमणार नाही. १९७६ मध्ये बँडचं नाव मिडनाइट ऑइल झालं, मार्टिन रॉट्सी दुसरा गिटारवाला म्हणून आला आणि १९७८ मध्ये पहिला अल्बम निघाला.

त्या काळात ऑस्ट्रेलियात बँड घडायचे ते पबमध्ये. घामट गर्दी, बियर आणि कान फाटेल इतका आवाज. यांनी सुरुवातीपासून एक गोष्ट पाळली. आपला धंदा आपल्या हातात ठेवायचा. तेव्हा तिकडे 'काउंटडाऊन' नावाचा टीव्हीवरचा संगीताचा कार्यक्रम होता, त्यात दिसल्याशिवाय बँड मोठा होत नाही असा सगळ्यांचा समज. हे त्यात कधी वाजवायला गेले नाहीत. आणि तरीही मोठे झाले.

खरा स्फोट १९८२ मध्ये झाला. अल्बमचं नाव १० पासून १ पर्यंतचे उलटे आकडे, रॉकेट सोडताना मोजतात तसे. तो ऑस्ट्रेलियाच्या यादीत तीन वर्षांहून जास्त टिकून राहिला. त्यातलं एक गाणं सरळ अमेरिकन सैन्यावर आहे. दुसऱ्या एका गाण्यात पाइन गॅपचा उल्लेख येतो. पाइन गॅप म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, ॲलिस स्प्रिंग्ज गावाजवळ असलेलं अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाचं संयुक्त गुप्तहेर केंद्र. शीतयुद्ध ऐन भरात होतं. अणुयुद्ध झालं तर आपल्या देशात हे ठिकाण पहिलं लक्ष्य असणार, मग ते आपल्याकडे हवंच कशाला, असा त्या पिढीचा प्रश्न होता. पाइन गॅप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८४ च्या अल्बमचं कव्हर तर अंगावर येतं. अणुबाँब पडून गेल्यानंतरचं सिडनी बंदर, कोरडं, खड्डे पडलेलं. जपानी कलाकार त्सुनेहिसा किमुरा यांनी केलेलं ते फोटोंचं कोलाज आहे. त्याच वर्षी गॅरेटने एक वेगळाच उद्योग केला. 'न्यूक्लियर डिसआर्मामेंट पार्टी' नावाचा नवा कोरा पक्ष निघाला होता, त्याच्याकडून तो डिसेंबरमध्ये सिनेटच्या निवडणुकीला उभा राहिला. न्यू साउथ वेल्स राज्यात पक्षाला साडेनऊ टक्क्यांच्या वर पहिल्या पसंतीची मतं पडली. आपल्याकडे राज्यसभेला जसं दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचं गणित असतं तसं तिकडे सिनेटला असतं, फक्त तिथे मत सामान्य माणूस देतो. त्या गणितात मोठ्या पक्षांची उरलेली मतं त्याच्याकडे वळली नाहीत आणि तो पडला. पश्चिम ऑस्ट्रेलियातून त्याच पक्षाच्या जो व्हॅलेंटाइन मात्र निवडून आल्या. गॅरेट परत माइकसमोर.

आता ते गाणं, ज्यासाठी त्या गृहस्थांनी मला यांच्याकडे धाडलं होतं.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम वाळवंटात पिंटुपी नावाचे लोक राहतात. सरकारने १९३० ते १९६० च्या दशकांत त्यांना टप्प्याटप्प्याने तिथून उचलून पापुन्यासारख्या वसाहतींमध्ये आणून ठेवलं. त्यातलं एक कारण असं, की त्या वाळवंटावरून ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या रॉकेटच्या चाचण्या चालायच्या. वसाहतीत हाल झाले. मग १९८१ मध्ये यातले बरेच जण स्वतःच उठून पश्चिमेला, आपल्या मुलखात परत गेले आणि किंटोर नावाची वस्ती उभी राहिली. ॲलिस स्प्रिंग्जपासून ती सुमारे ५०० किलोमीटर आत आहे.

१९८६ च्या हिवाळ्यात मिडनाइट ऑइल या मुलखात गेले, एकटे नाही तर पापुन्याच्याच 'वारुम्पी बँड'बरोबर. हा वारुम्पी बँडही भारी प्रकरण आहे. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला पहिला रॉक रेकॉर्ड त्यांचा, १९८३ चा. शहरातली पब गाजवणारी ही पाच गोरी पोरं गाडीतून धूळ खात वस्त्यावस्त्यांवर वाजवत फिरली. समोर बसलेल्या लोकांना यांचं एकही गाणं माहीत नसायचं.

त्या धुळीतून १९८७ चा 'डीझेल अँड डस्ट' अल्बम आला आणि त्यातलं 'बेड्स आर बर्निंग'. गाणं पिंटुपी लोकांबद्दल आहे आणि मागणी आडपडदा न ठेवता केलेली आहे : जमीन ज्यांची आहे त्यांना ती परत करा. अशा गाण्याचं काय होईल असं तुम्हाला वाटतं? ते जगभर वाजलं. अमेरिकेच्या यादीत १७ वं, ब्रिटनमध्ये ६ वं, कॅनडात पहिलं. ज्या लोकांना पिंटुपी हा शब्द नकाशावर दाखवता येणार नाही ते सगळे त्यावर नाचले. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाय हलवतच ऐकलं, खोटं कशाला बोलू!

१९९० मध्ये हे शिखरावर होते. आदल्या वर्षी मार्चमध्ये एक्झॉन कंपनीचं जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून कोट्यवधी लिटर कच्चं तेल समुद्रात सांडलं होतं. ३० मे १९९० ला दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, न्यूयॉर्कच्या सिक्स्थ ॲव्हेन्यूवर एक्झॉनच्या इमारतीसमोर एक उघडा ट्रक येऊन उभा राहिला. वर मिडनाइट ऑइल. मागे फलक : आमच्या तेलाने तुम्ही नाचता, एक्झॉनच्या तेलाने आम्हाला मळमळतं, अशा अर्थाचा. टाय लावलेली हापिसातली गर्दी सँडविच हातात धरून रस्त्यात उभी आहे आणि हा टकलू ट्रकवर थयथयाट करतोय. हे चित्रीकरण महाजालावर सापडतं, चुकवू नका.

पण मला त्या वर्षातलं ट्रकपेक्षा 'ब्लू स्काय माइन' हे गाणं महत्त्वाचं वाटतं. ते विटनूमबद्दल आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या या गावात १९४३ ते १९६६ निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण चालली. ॲस्बेस्टॉस आपल्याला नवा नाही. आपल्या गावाकडच्या घरांवर आणि शेडवर जे सिमेंटचे पत्रे असतात त्यात त्याचा पांढरा भाऊ असतो. हा निळा त्याहून जहाल. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी कॅन्सर होऊन बाहेर येतात. एरिक सेंट नावाच्या डॉक्टरने १९४८ मध्येच धोक्याची सूचना दिली होती. तरी खाण पुढे अठरा वर्षं चालली. खाणीतला चुरा रस्त्यांवर आणि घरांच्या अंगणात पसरलेला, पोरं त्यात खेळायची. विटनूमशी संबंध आलेल्या सुमारे २०,००० लोकांपैकी २००० हून जास्त त्यापायी गेले. गाणं त्या कामगाराच्या तोंडी आहे, ज्याला घरी चूल पेटवायची आहे आणि कंपनीवर विसंबण्यावाचून इलाज नाही.

सूचना दिलेली होती आणि काम थांबलं नाही. हेही लक्षात ठेवा.

१९९२ मध्ये तिकडच्या हायकोर्टाने, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने, माबो खटल्यात सांगितलं की ब्रिटिश आले तेव्हा ही जमीन कुणाची नव्हती, हे म्हणणंच चूक आहे. १९९७ मध्ये एक सरकारी चौकशी अहवाल आला. मूळ रहिवाशांच्या हजारो मुलांना दशकानुदशकं आईबापांकडून काढून नेण्यात आलं होतं, त्याचा. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी सरकारच्या वतीने माफी मागायला नकार दिला.

आणि मग १ ऑक्टोबर २०००. सिडनी ऑलिंपिकचा समारोप, स्टेडियममध्ये हॉवर्ड स्वतः हजर, जगभरातले लोक टीव्हीसमोर. मिडनाइट ऑइल स्टेजवर आले, वरचे कपडे काढले, तर आत काळे पोशाख आणि त्यावर ठळक पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द, अनेक वेळा : सॉरी. गाणं अर्थातच 'बेड्स आर बर्निंग'. जो शब्द देशाचा पंतप्रधान उच्चारत नव्हता तो त्याच्यासमोर अंगावर घालून हे नाचले. एखाद्या बँडने याहून जास्त काय करायचं?

गॅरेटला बहुतेक हाच प्रश्न पडला असावा. डिसेंबर २००२ मध्ये त्याने बँड सोडला, २००४ मध्ये लेबर पार्टीकडून सिडनीच्या किंग्जफर्ड स्मिथ मतदारसंघातून खासदार झाला आणि २००७ मध्ये केव्हिन रड यांच्या सरकारात पर्यावरण, वारसा आणि कला खात्याचा मंत्री.

इथपर्यंत माझं आणि त्या गृहस्थांचं एकमत होतं. इथून पुढे ते म्हणाले, विकला गेला. मला ते पटलं होतं, कारण यादी तशीच आहे. पाइन गॅप? पक्षाचं धोरण मला मान्य आहे, असं त्याने उमेदवार झाल्यावरच सांगून टाकलं. युरेनियम? नव्या खाणींवरची बंदी पक्षाने २००७ मध्ये उठवली तेव्हा त्याने पक्षाच्या अधिवेशनात विरोध केला, हरला, आणि २००९ मध्ये मंत्री म्हणून साउथ ऑस्ट्रेलियातल्या फोर माइल या युरेनियम खाणीला परवानगी दिली. अणुविरोधी पक्षाचा एकेकाळचा उमेदवार आणि त्याची सही युरेनियमच्या कागदावर. तिकडच्या व्यंगचित्रकारांची चंगळ झाली असणार.

दुसरी बाजूही आहे बरं का. क्वीन्सलंडमधल्या मेरी नदीवरचं ट्रॅव्हेस्टन धरण त्याने २००९ मध्ये नाकारलं, आणि ते धरण हवं असणारं राज्य सरकार त्याच्याच पक्षाचं होतं. २०१० मध्ये जपानच्या देवमाशांच्या शिकारीविरुद्ध ऑस्ट्रेलिया आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेली, तेव्हाही मंत्री तोच, आणि २०१४ मध्ये निकाल ऑस्ट्रेलियाच्या बाजूने लागला. १३ फेब्रुवारी २००८ ला रड यांनी संसदेत अखेर माफी मागितली, तेव्हा अंगावर सॉरी घालून नाचलेला माणूस सरकारी बाकांवर बसला होता.

पण या सगळ्यापेक्षा मला अडकवणारं प्रकरण वेगळंच आहे. ते गाण्यांच्या चाहत्यांना सहसा माहीत नसतं.

२००९ मध्ये जागतिक मंदीवर उपाय म्हणून रड सरकारने पैसा बाजारात ओतला. त्यातली एक योजना होती लाखो घरांच्या माळ्यांवर इन्सुलेशन बसवायची. उन्हाळ्यात घर थंड राहील, थंडीत उबदार राहील, वीज वाचेल आणि कामगारांना काम मिळेल. कागदावर सुंदर. योजना गॅरेटच्या खात्याकडे आली. अट एकच, पटापट. या धंद्यात रातोरात नव्या कंपन्या उगवल्या, नीट शिकवलेलं नाही अशी पोरं माळ्यांवर चढली. तिघे विजेचा धक्का लागून गेले, एक उष्माघाताने. चौघेही १६ ते २५ वयाचे. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद करावी लागली आणि गॅरेटकडून ऊर्जाबचतीचं काम काढून घेण्यात आलं. पुढे बाहेर आलं, की त्याने आपल्या काळज्या पंतप्रधानांना पत्रं लिहून कळवल्या होत्या. २०१४ मध्ये रॉयल कमिशनने या घाईवर कडक ताशेरे ओढले.

आता विटनूम आठवा. कामगारांच्या जिवावर बेतणारी धूळ, आधी दिलेली सूचना, तरीही चालू राहिलेलं काम. वीस वर्षांपूर्वी ज्याने त्यावर गाणं गायलं, त्याच्याच खात्याच्या योजनेत चार पोरं गेली. विटनूमच्या कंपनीने फायद्यासाठी डोळे मिटले होते, इथे हेतू चांगला होता, हा फरक मोठा आहे आणि तो पुसायचा नाही. पण माळ्यावर चढलेल्या सोळा वर्षांच्या पोराला त्या फरकाचा काय उपयोग?

हे वाचलं त्या रात्री मला 'विकला गेला' म्हणवेना. कारण मला माझी एक मेल आठवली. दीड वर्षापूर्वी एका रिलीजच्या आधी मला हिशेबात एक गडबड दिसली होती. तारीख ठरलेली, वरून दबाव. मी रात्री अकराला एक व्यवस्थित मेल टाकली, की अमुक ठिकाणी धोका आहे, तपासून घ्यावं. उत्तर आलं नाही. सकाळी डिप्लॉयमेंटच्या यादीत माझ्या नावापुढे हो की नाही लिहायचं होतं. मी हो लिहिलं. शेकडो लोकांना चुकीची बिलं गेली. चौकशी झाली तेव्हा मी ती मेल पुढे केली आणि सुटलो. कुणी मेलं नाही, बिलं महिन्याभरात दुरुस्तही झाली. पण मेल टाकणं आणि 'नाही' लिहिणं यात काय अंतर आहे ते मला तेव्हापासून माहीत आहे. गॅरेटची ती पत्रं वाचायला मी काही त्याच्या जागी नव्हतो, पण त्या पत्रांची जात मी ओळखतो.

गाणाऱ्याला प्रश्न विचारून उतरता येतं. मंत्र्याला कागदावर काहीतरी लिहावंच लागतं, आणि न लिहिणं हेसुद्धा लिहिण्यासारखंच असतं. गॅरेट प्रश्नाच्या बाजूने उत्तराच्या बाजूला गेला, तिथे काही कामं केली, काही ठिकाणी नमला, आणि एका ठिकाणी असं घडलं की जे कुठल्या गाण्याने भरून निघणार नाही. तो गेलाच नसता तर आज त्याच्या अंगावर एकही डाग नसता. मेरी नदीवर धरण मात्र बहुधा असतं.

पुढचं थोडक्यात. सप्टेंबर २०१० नंतर तो शालेय शिक्षणमंत्री होता, २०१३ मध्ये पक्षातल्या भांडणानंतर राजकारणातून बाहेर पडला. २०१७ मध्ये मिडनाइट ऑइल पुन्हा एकत्र आले आणि जगभर फिरले. २०२० मध्ये त्यांनी मूळ रहिवासी कलाकारांना बरोबर घेऊन 'द माकराटा प्रोजेक्ट' काढला, ऑस्ट्रेलियाच्या यादीत तो पहिला आला. १९८७ पासून त्यांच्याबरोबर बास वाजवणारा बोन्स हिलमन त्याच नोव्हेंबरमध्ये वारला. २०२२ मध्ये 'रेझिस्ट' अल्बम, आणि ३ ऑक्टोबर २०२२ ला सिडनीत निरोपाचा कार्यक्रम.

गोष्ट इथे गोड संपली असती. पण १४ ऑक्टोबर २०२३ ला ऑस्ट्रेलियात सार्वमत झालं. मूळ रहिवाशांचं म्हणणं संसदेपुढे मांडणारं एक मंडळ राज्यघटनेत असावं का? जमीन परत द्या वगैरे नाही, फक्त त्यांचं ऐकून घ्यायचं. सुमारे साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं. सहाच्या सहा राज्यांनी.

सार्वमतानंतरच्या महिन्यातही आमची मीटिंग होती. मॅनेजर नेहमीप्रमाणे अर्धा मिनिट थांबला, गॅडिगल लोकांची जमीन, पूर्वजांना वंदन. त्या दिवशी ते अर्धं मिनिट मला जरा लांबलं असं वाटलं. मग डिफेक्टची स्लाइड आली. माझ्या नावापुढे तीन उघडे होते.

मीटिंग संपल्यावर गृहस्थांनी चॅटवर विचारलं, काय मग, अजून ऐकतोस का आमचा बँड? म्हटलं, ऐकतो की. पण आता पाय हलत नाहीत पूर्वीसारखे.

असो. पुढच्या विकांताला काहीतरी हलकंफुलकं लिहीन म्हणतो. तोपर्यंत 'डीझेल अँड डस्ट' ऐका, आणि जमलं तर त्याच्यानंतर 'ब्लू स्काय माइन'.